बहात्तर गुणांचा माणूस

मंगळवार, ७ फेब्रुवारी २००६

ब्रोनेकच्या खाटेला दोरीने एक निळी वही टांगलेली आहे. इथली पद्धतच आहे म्हणे. नर्सा त्यात लिहितात, घरचे लिहितात. माणूस उद्या शुद्धीवर आला की मधले दिवस कुठे गेले ते त्याला वाचता यावं, म्हणून. आज माझ्याही हातात पेन दिलं. मी लिहिलं, 'तुझी कबुतरं खाऊनपिऊन ठीक आहेत. अलसिद.' आणि थांबलो. वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय: कझिमिर कुबियाक. त्या नावाच्या वहीत मला जे लिहायचंय ते लिहिता येत नाही. म्हणून दुकानातल्या बटाट्यांच्या ऑर्डरींची ही कोरी वही काढली. त्याला ब्रोनेक म्हणणारा जगात मी एकटाच उरलोय. का, ते पुढे लिहीन, हात धजावला तर.

रविवारी संध्याकाळी त्याला अतिदक्षता विभागात आणलं. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, रक्तदाब खाली, लघवी जवळजवळ बंद. तोंडावर घट्ट मुखवटा, त्यातून यंत्र हवा ढकलतंय. भेटायला फक्त घरची माणसं, दुपारी दोन ते चार. दारावरच्या नर्सने विचारलं, "आपण कोण?"

"मेव्हणा," मी ठोकून दिलं.

त्याची बायको इरेन शेजारीच उभी होती. तिने पापणीही हलवली नाही.

नर्सचं नाव गिलेन. धिप्पाड बाई, आवाज बाजारातला, हात मात्र मऊ. तिने ब्रोनेकच्या कानाशी वाकून हाक मारली, "मस्यो कझिमिर! डोळे उघडा बघू! मस्यो कझिमिर, माझा हात दाबा!" काही नाही. मग तिने पेनाने त्याचं नख दाबलं. त्याने हात ओढला, डोळे किलकिले केले, मुखवट्याच्या आत काहीतरी पुटपुटला. गिलेनने कान लावला. "कझिक म्हणतोय! चला, स्वतःचं नाव तरी ठाऊक आहे गड्याला."

मी निळी वही पुन्हा दोरीला अडकवली.

काचेपलीकडच्या टेबलावर डॉक्टरीण बाई आणि गिलेन एक तक्ता भरत होत्या. माझे कान चांगले आहेत. तीन वर्षं खाणीत काढलीत. छताचा लाकडी टेकू मोडण्याआधी कुरकुरतो, तो आवाज ज्याला आला तो वर आला. पुढे चाळीस वर्षं बटाटे तळले, तिथेही चरबी तापल्याचं कानालाच आधी कळतं. तेव्हा काच असली काय नि नसली काय. "वय, अठरा. शुद्ध, सात. लघवी, अकरा..." अशी बेरीज चालली होती. शेवटी डॉक्टरीण म्हणाली, "बहात्तर." आणि दोघी एक क्षण गप्प बसल्या.

ते गप्प बसणं मला आवडलं नाही.

बुधवार, ८ फेब्रुवारी

आज डॉक्टरीण बाईंना व्हरांड्यात गाठलं. नाव अझूझ. चाळिशीच्या, बुटक्या, डोळ्यांखाली काळं. मी विचारलं, "बहात्तर म्हणजे काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपल्याला कोणी सांगितलं?"

"काचेने."

हसल्या. मग भिंतीला टेकून समजावून सांगितलं. इथे येणाऱ्या प्रत्येकाचा असा आकडा काढतात, देशभर एकाच रीतीने. पहिल्या चोवीस तासांत नाडी, रक्तदाब, ताप, लघवी, रक्तातली घाण, शुद्ध, जे जे सगळ्यात वाईट दिसलं तेच धरायचं. त्यात वय मिळवायचं. जेवढे गुण जास्त, तेवढा माणूस खोल पाण्यात. मी म्हटलं, "आणि एखादी गोष्ट तपासायचीच राहिली तर?"

"ती ठीक आहे असं धरायचं."

"माझा संसार असाच चालला, बाई. चाळीस वर्षं."

पुन्हा हसल्या, पण थोडंच. "आणि बहात्तर?" मी विचारलं.

"बहात्तरवाले शंभर जण घेतले, तर त्यातले पंच्याऐंशी घरी जात नाहीत. पण मस्यो अलसिद, हे शंभरांचं झालं. आपला माणूस त्या शंभरांत कुठे उभा आहे, ते हा आकडा सांगत नाही."

मला ते बरोबर कळलं. रविवारी मेळ्याला किती पोती बटाटे लागणार ते मी डोळे मिटून सांगायचो, पण कोपऱ्यावरची बाई येणार की नाही ते कधी सांगता आलं नाही. कळलं ते कळलं. तरी घरी येईपर्यंत डोक्यात पंच्याऐंशीच घोळत होतं.

पहिल्या चोवीस तासांतलं सगळ्यात वाईट! माझ्या तळलेल्या बटाट्यांच्या पहिल्या गाडीचा पहिला दिवस आठवला. एक्कावन्न साल, गावचा मेळा. वाऱ्याने छत उडालं, चरबीने पेट घेतला, भुवया गेल्या, आणि दिवसभरात सहा पुडे विकले गेले. त्यातले चार ब्रोनेकने घेतले. खाणीतून तसाच आला होता, काळा ठिक्कर, फक्त डोळे आणि दात पांढरे. कोळशाच्या बोटांनी करपलेल्या फोडी खात म्हणाला, "अलसिद, चव आहे रे. नक्की कसली ते सांगता येत नाही, पण आहे." त्या दिवशी कोणी माझा आकडा काढला असता तर मी शंभरातल्या त्या पंच्याऐंशीतच गेलो असतो. पुढे चार गाड्या झाल्या, एक खानावळ झाली.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

आज कळलं की सोमवारी सकाळी त्यांची बैठक आहे. श्वासाला तो दमत चाललाय. मुखवट्याने भागलं नाही तर घशात नळी घालायची का, रक्त धुवायचं यंत्र लावायचं का, की त्याला आता जास्त त्रास न देता शांतपणे जाऊ द्यायचं, हे त्या बैठकीत ठरणार. डॉ. अझूझनी इरेनला आणि मला बसवून सरळ सांगितलं. "ऐंशी वर्षांचे आहेत. आणि आम्ही हाक मारतो, ते ओ देत नाहीत. आमच्यातले काही जण विचारतात, कोणासाठी चाललंय हे सगळं?"

इरेन म्हणाली, "ऐकू त्याला व्यवस्थित येतं."

अठरा गुण वयाचे, आणि वय ऐंशी. इथेच चूक आहे. आता लिहूनच टाकतो.

त्याचं वय ऐंशी नाही. अठ्ठ्याहत्तर आहे. माझ्याएवढाच. आणि तो कझिमिर नाही.

कझिमिर, म्हणजे कझिक, हा त्याचा थोरला भाऊ. १९४० च्या मेमध्ये जर्मन आले, तेव्हा आमची खाणकामगारांची सगळी वस्ती रस्त्यावर आली आणि दक्षिणेकडे निघाली. खाणीसाठी आलेले पोलिश काय, आमच्यासारखे इथले काय, सगळ्यांच्या हातगाड्या एकामागून एक. तिसऱ्या दिवशी विमानं खाली आली. मी आणि ब्रोनेक आमच्या हातगाडीखाली. कझिक पलीकडच्या चरात. विमानं गेल्यावर आम्ही दोघं उठलो, तो उठला नाही. चौदा वर्षांचा होता. शीळ घालायचा, बोटं न लावता, अशी की वस्तीतले कुत्रे वेडे व्हायचे. माझ्या बापाने कोळशाच्या फावड्याने पॉप्लरच्या झाडांच्या रांगेत खड्डा खणला. त्या गावात पुढारी नव्हता, पाद्री नव्हता, नोंद करायला कोणी नव्हतं. सगळेच पळालेले.

त्रेचाळीसमध्ये ब्रोनेकच्या बापाची छाती कोळशाने पार भरली. घर खाण कंपनीचं. घरातलं कोणी जमिनीखाली काम करत नसेल तर घर सोडा, असा निरोप आला. ब्रोनेक पंधराचा. खाली घ्यायचे ते सोळा पुरे झालेल्यांना. तेव्हा त्याच्या आईने पेटीतून कझिकचा जन्माचा कागद काढला. कचेरीत माझा बाप साक्षीला होता. मी टोपी हातात घेऊन मागे उभा होतो. आई कारकुनाला म्हणाली, "हा थोरला, कझिमिर. धाकटा रस्त्यात गेला. ब्रोनिस्लाव." कारकुनाने लिहून घेतलं. ब्रोनेक तिथेच उभा राहून स्वतः मेल्याचं ऐकत होता.

बाहेर आल्यावर त्याच्या आईने आम्हा दोघांना धरून सांगितलं, हे आपल्याबरोबर मातीत जायचं. आम्ही मान हलवली.

आणि परवापासून तो पुटपुटतोय ते स्वतःचं नाव नाही. तो भावाला हाका मारतोय.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

रात्री हिशोब केला. ऐंशीला अठरा गुण, तर अठ्ठ्याहत्तरला किती? आज गिलेनला सहज विचारल्यासारखं करून विचारलं. "सोळा," ती म्हणाली. "का? स्वतःचं वय कमी करून घ्यायचंय? चेहऱ्यावर तरी फरक पडणार नाही, मस्यो."

म्हणजे बहात्तर नव्हे, सत्तर. दोन गुण माझ्या खिशात पडून आहेत आणि मी गप्प बसलोय.

आज त्याचं नख दोनदा दाबलं. बोट काळंनिळं झालंय. "मस्यो कझिमिर! मस्यो कझिमिर!" सगळा विभाग जागा होईल असा आवाज. तो भिंतीकडे तोंड करून होता, शेजारच्याला कोणीतरी बोलावतंय अशा चेहऱ्याने.

ब्रोनेकची आई फार सावध बाई. त्या दिवसापासून घरातही त्याला कझिकच म्हणायची. कंपनीच्या घरांच्या भिंती पातळ; शेजारी शिंकला तर आपण रुमाल काढावा अशा. पण पुढे भिंतींची भीती गेली, बाप गेला, लढाई संपली, तरी ती कझिकच म्हणत राहिली. ब्रोनेक एकदा मला म्हणाला होता, आम्ही त्याच्या कबुतरखान्यात बसलो होतो, "तिला एकच ठेवता येत होता. तिने तो ठेवला." असं म्हणून दाणे टाकत राहिला. मग मी ठरवलं की निदान कबुतरखान्यात तरी त्याला त्याच्या नावाने हाक मारायची. साठ वर्षं झाली. बाहेर कझिमिर, आत ब्रोनेक.

दर मे महिन्यात आई चर्चमध्ये ब्रोनिस्लावच्या आत्म्यासाठी प्रार्थना ठेवायची. आम्ही दोघं मागच्या बाकावर. पाद्री म्हणायचा, 'निष्पाप बालक, आज्ञाधारक पुत्र,' आणि ब्रोनेक मला कोपर मारून कुजबुजायचा, "बघ, किती गुणी होतो मी." मी हसू दाबायचो. तो हसायचा नाही.

शनिवार, ११ फेब्रुवारी

इरेनने जेवायला बोलावलं. बीटचं सूप केलं होतं. ताटं तीन मांडली, मग एक उचललं. तिला सांगितल्याशिवाय डॉक्टरांना सांगणं बरं नव्हे. चोपन्न वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचं नाव दुसऱ्याचं. शेजाऱ्याच्या तोंडून हे कसं ऐकायचं बाईने? मी कॉफी संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिलो.

ती मात्र बोलत होती. "झोपेत तो कझिकशी भांडतो, अलसिद. लग्न झाल्यापासून. सायकल आधी कोणाची, यावरून. स्वतःशी कोणी एवढं भांडतं का?"

बिचारी दमली आहे. काहीबाही बोलते.

तसं पाहिलं तर नवऱ्याला तिने नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. 'ए', 'अहो', 'म्हातारबुवा', 'माझ्या घरचा कोळसा'. इथल्या जुन्या बायकांची तऱ्हाच ती. माझी बायको रोलांद मात्र नाव घेऊन हाक मारायची, आणि शिवी दिल्यासारखी मारायची. अजून दुकानाच्या मागच्या दाराशी गेलो की वाटतं, आत्ता ओरडेल.

शेवटी मी डोळे मिटून सगळं सांगून टाकलं. रस्ता, चर, कागद, कारकून. इरेन बटाटे सोलत होती. हात थांबला नाही, साल तुटलं नाही. मी संपवल्यावर ती म्हणाली, "मग डॉक्टरांना सांग की. मला काय सांगतोस?"

धक्का बसला असणार. असे धक्के उशिरा उतरतात. उद्या तिच्याकडे पुन्हा जाऊन यायला हवं.

रविवार, १२ फेब्रुवारी

इस्पितळात गेलो, बोललो नाही. डॉ. अझूझ नव्हत्या. होत्या असत्या तरी बोललो असतो का, देव जाणे. ज्या बाईला शब्द दिला ती जाऊन तीस वर्षं झाली. तिच्यासमोर मान हलवली तेव्हा मी पंधराचा होतो. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत कोणाकडून मागायचा?

ब्रोनेक यंत्राशी लढतोय. खांद्यांनी श्वास घेतोय.

सोमवार, १३ फेब्रुवारी

सकाळी साडेसातला दारात जाऊन उभा राहिलो. भेटीची वेळ नाही म्हणून हाकलत होते. मी म्हटलं, "डॉक्टरीण बाईंना सांगा, काचेवाला आलाय."

डॉ. अझूझ ओला कोट घालून जिन्यावरून येत होत्या. मी तिथेच सुरुवात केली. आधी वय. "ऐंशी नाही, अठ्ठ्याहत्तर. अठराचे सोळा करा. बहात्तर नाही, सत्तर." त्या ऐकत होत्या. मग का, ते त्यांनी विचारलं. मग उरलेलं सगळं सांगितलं. माझ्या तोंडून ते बाहेर पडत होतं आणि मला वाटत होतं, ब्रोनेकची आई मागे उभी आहे.

संपल्यावर त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. मीही बसलो. म्हणाल्या, "माझ्या वडिलांची जन्मतारीख एक जानेवारी."

"बरं."

"मोरोक्कोतून त्यांना खाणीसाठी आणलं. दात बघितले, दंड बघितले, कागद कोणाकडेच नव्हता. त्यांच्या बराकीत चाळीस जण होते, चाळिसांचीही एक जानेवारी. दरवर्षी केक एकच आणायचे आणि त्यावर भांडायचे." कोटाची बटणं काढत उठल्या. "मस्यो अलसिद, सत्तर काय नि बहात्तर काय, त्या दोन गुणांनी मी कोणाचा हात धरत नाही की सोडत नाही. पण ते नाव काय म्हणालात?"

"ब्रोनेक."

"चला माझ्याबरोबर."

मला वाटलं, तक्ता दुरुस्त करायला नेतायत. नेलं ते थेट खाटेपाशी. गिलेन औषधाची पिशवी बदलत होती. डॉक्टरीण बाईंनी मला खुणेने पुढे केलं. "आपणच मारा हाक. जशी मारता तशी."

इतक्या माणसांत? साठ वर्षांत कबुतरखान्याबाहेर त्या नावाने मी त्याला हाक मारली नव्हती. वाकलो, आणि कबुतरखान्यात म्हणतो तसं हळूच म्हटलं, "ब्रोनेक. ए ब्रोनेक. लेका, उठतोस का?"

त्याने डोळे उघडले.

नुसते उघडले नाहीत, मला शोधलं. आधी डावीकडे, मग माझ्यावर. डॉ. अझूझ त्याच्यावर वाकल्या. "ब्रोनेक, माझा हात दाबा." त्याने दाबला. "सोडा." सोडला. "दोन बोटं दाखवा." त्याने दोन बोटं वर केली, काळंनिळं बोट धरून. मग मुखवट्याच्या आतून, तुटक, पण स्वच्छ: "अलसिद... ही बाई... माझी नखं... का उपटते?"

गिलेनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "माफ करा हो, ब्रोनेक. मला काय माहीत, मी दुसऱ्यालाच बोलावत होते."

डॉ. अझूझनी घड्याळ पाहिलं आणि बैठकीला पळाल्या.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

नळी घालायची ठरली. रक्त धुवायचं यंत्रही. डॉ. अझूझ इरेनला म्हणाल्या, "काल त्यांनाच विचारलं. त्यांनी होकाराची मान हलवली. आता आम्हाला कळलं, कोणासाठी ते."

मी मधेच घुसलो. "पण गुण? शुद्धीचे सात धरले होते, ते आता शून्य ना?"

"जर पहिल्या दिवशी योग्य नावाने हाक मारली असती तर, हो. शून्य."

म्हणजे बहात्तरातून नऊ गेले, त्रेसष्ट. "त्रेसष्टवाल्या शंभरांपैकी किती घरी जात नाहीत?"

त्यांना माझी कीव आली असावी. कागदावर बघून म्हणाल्या, "चौऱ्याहत्तर."

अकरा माणसं कमी! एका नावापायी अकरा माणसं घरी. मी बसस्टॉपपर्यंत त्यांना चालताना पाहत होतो, एकामागून एक, डोक्यावर टोप्या.

बुधवार, १ मार्च

झोपलेलाच. औषधाने झोपवलंय. नळी, यंत्र, पिशव्या. रोज दोन ते चार मी त्याच्याशी कबुतरांबद्दल बोलतो. आता गिलेनसुद्धा त्याला ब्रोनेक म्हणते, आणि वहीच्या पहिल्या पानावर कोणीतरी जुन्या नावाखाली कंसात नवं नाव लिहिलंय. इरेनने ते पाहिलं. तिने कंस खोडला, नाव ठेवलं.

गुरुवार, ९ मार्च

नळी काढली! पहिला शब्द पोलिश भाषेतला, इथे लिहिण्यासारखा नाही. दुसरा माझ्यासाठी: "त्रेसष्ट वर्षं. अजून थोडी वर्षं तोंड बंद ठेवता आलं नाही तुला?"

"अजून थोडी वर्षं मिळावीत म्हणूनच उघडलं ना."

"आईला काय सांगू आता?"

"सांग, अलसिदने सांगितलं. माझ्याबद्दल तिचं मत तसंही वाईटच होतं."

त्याने बराच वेळ डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "इरेनला कळलं?"

"मीच सांगितलं. फार सोसलं बिचारीने."

इरेन खिडकीत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ती दोघं एकमेकांकडे अशी पाहत राहिली की मी कॉफी आणायला बाहेर गेलो. परत आलो तर दोघंही हसत होती, आणि मला कोणी काही सांगितलं नाही.

मंगळवार, ४ एप्रिल

आज घरी. मधे तीन आठवडे दुसऱ्या विभागात, पायात बळ येईपर्यंत. अठरा किलो उतरलाय. चाकाच्या खुर्चीत कोट घालून बसला तर कोटच बसलाय असं वाटत होतं. इरेन खाली गाडीपाशी. मी खुर्ची ढकलत होतो. तो म्हणाला, आधी वरच्या मजल्यावर चल, त्या बाईंचा निरोप घेतो.

डॉ. अझूझ टेबलाशीच होत्या. गिलेनने त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, मग बोट बघितलं. नवं नख येतंय. डॉ. अझूझ म्हणाल्या, "थांबा, तुमचा तक्ता अजून उघडा आहे. माणूस इस्पितळातून बाहेर पडेपर्यंत तो बंद होत नाही. घरी गेला की नाही, ते लिहावं लागतं."

मी म्हटलं, "मग आता दुरुस्त करून टाका. नाव, वय, शुद्ध. त्रेसष्ट."

त्यांनी मान हलवली. "जन्मतारीख सरकारी कार्डावरून येते, त्याला मी हात लावू शकत नाही. आणि पहिल्या चोवीस तासांत जे लिहिलं गेलं ते लिहिलं गेलं. बहात्तर ते बहात्तर." मला वाईट वाटलेलं त्यांनी पाहिलं. "पण बिघडलं कुठे? बहात्तर असून घरी जाणाऱ्या पंधरांतला एक झाला ना."

आणि त्या संगणकाच्या पडद्याकडे बघून, एकेक रकाना भरत, हळू आवाजात वाचू लागल्या. गिलेन शेजारी ताडून बघत होती. "कुबियाक, कझिमिर. जन्म, जानेवारी एकोणीसशे सव्वीस. वय ऐंशी. गुण बहात्तर. बाहेर पडताना स्थिती: जिवंत. कुठे गेला: स्वतःच्या घरी." बटण दाबलं. झालं.

मी खुर्ची वळवली. यंत्रांची पिपाणी मागे पडली तेव्हा ब्रोनेक म्हणाला, "काय वाचलं रे त्यांनी? मला नीट ऐकू आलं नाही."

मी खोटं सांगू शकलो असतो. आयुष्यभर सरावच तो. पण सरळ सांगितलं. "म्हणाल्या, कझिमिर कुबियाक जिवंत आहे. घरी गेला."

लिफ्ट आली, आम्ही आत गेलो, दार लागलं. दोन मजले उतरेपर्यंत तो समोरच्या पत्र्यावर उमटलेल्या स्वतःच्या अंधुक चेहऱ्याकडे बघत होता.

दार उघडलं. समोर उन्हात इरेन गाडीचं दार धरून उभी.

"चल ना मग," ब्रोनेक म्हणाला. "चाळीसच्या मेपासून घराकडे चालतोय तो पोरगा. त्याला आणखी ताटकळत ठेवू नकोस."